गाणी कोण कशी मिळवतं, हे नुसत्या वयावरून का कळत नाही

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही प्रोजेक्टसाठी सर्व्हे केलात, लोकांना वय, शिक्षण, उत्पन्न विचारलंत, आणि "तुम्ही संगीत कसं ऐकता?" याला चार पर्याय दिलेत: फुकटचं स्ट्रीमिंग, पैसे भरून स्ट्रीमिंग, डाउनलोड, आणि सीडी किंवा रेकॉर्ड. अपेक्षा अशी की तरुण एका बाजूला पडतील आणि वयस्कर दुसऱ्या बाजूला. तसं झालं नाही, सगळं मिसळलेलं आलं, आणि आता तुम्ही विचारताय की माणसाच्या नेमक्या कुठल्या गुणांवरून त्याची पद्धत ठरते आणि केलेलं काम वाया गेलं का.

वाया गेलेलं नाही. मी बरीच वर्षं ग्राहक-संशोधनात आहे, त्यातला मोठा काळ संगीत आणि ऑडिओच्या कामात गेला, म्हणजे लोकांसोबत बसायचं, त्यांचा फोन, त्यांचं कपाट बघायचं, आणि हे गाणं इथे कसं आलं ते विचारत राहायचं. तुमच्यासारखाच फॉर्म मीही सुरुवातीला बनवला होता आणि माझ्याही हातात असाच गोंधळ आला होता. तो गोंधळ खरा असतो. लोक एक पद्धत निवडतच नाहीत, तीन-चार पद्धती एकत्र वापरतात, आणि आपण त्यांना एकाच चौकटीत टिक करायला लावतो. मग ज्याच्याकडे सबस्क्रिप्शन आहे, शिवाय दोन कपाटं सीडी आहेत, आणि जो झोपताना व्हिडिओ साइटवर फुकट ऐकतो, तो त्या दिवशी जे आठवेल त्यावर टिक करून मोकळा होतो.

म्हणून खरा प्रश्न मी असा मांडेन: एकाच माणसाकडे इतके रस्ते असताना कुठलं गाणं तो कुठल्या रस्त्याने आणतो, आणि ते त्याच्या कुठल्या स्वभावामुळे?

आधी एक गोष्ट मान्य करू, की बरंच काही स्वभावाच्या आधीच ठरलेलं असतं. त्या माणसाला जे संगीत आवडतं ते सर्व्हिसवर आहे का, नेट धड चालतं का, फोनमध्ये जागा आहे का, घरातल्या कुणी फॅमिली प्लॅन घेतलाय का. १९९९ साली नॅपस्टर (एकमेकांच्या कॉम्प्युटरवरची गाणी उतरवून घ्यायची सोय) आलं आणि लाखो लोक फुकट गाणी उतरवायला लागले, तेव्हा हे सगळे रातोरात चोर झाले असं म्हणण्यात अर्थ नव्हता. त्यांना एकेक गाणं, घरबसल्या, लगेच हवं होतं, आणि तसं देणारा सोयीचा कायदेशीर रस्ता जवळजवळ नव्हताच. २००३ मध्ये आयट्यून्स स्टोअर, म्हणजे ॲपलचं गाण्यांचं ऑनलाइन दुकान, सुरू झालं तसे त्यातले काही जण पैसे देऊन घ्यायला लागले आणि काही जण तिथेच राहिले. माणसं तीच होती, पण दुसरं दार उघडल्यावरच त्यांच्यातला फरक दिसला. तेव्हा तुमच्या सर्व्हेत कुणासमोर कुठली दारं उघडी होती हे आधी विचारलेलं नसेल तर स्वभावाबद्दल काही बोलता येणार नाही. माझ्या कामात हा प्रश्न नेहमी पहिला असतो.

आता गुणांकडे येतो. माझ्या मते सगळ्यात वजनदार गुण म्हणजे संगीत त्या माणसाच्या आयुष्यात किती महत्त्वाचं आहे. ऐकायला साधं वाटतं, पण बहुतेक फॉर्ममध्ये हा प्रश्न नसतोच किंवा "तुम्हाला संगीत आवडतं का?" असा असतो, आणि त्याला सगळेच हो म्हणतात. मी असं विचारतो: गेल्या आठवड्यात दुसरं काहीही न करता फक्त गाणं ऐकत किती वेळा बसलात? इथे लोक चटकन वेगळे होतात. काहींसाठी संगीत म्हणजे काम करताना, गाडी चालवताना मागे चालू असलेला आवाज. त्यांना शांतता नको असते एवढंच, त्यामुळे जे सगळ्यात कमी कष्टात सुरू होईल ते चालतं, रेडिओ असो नाहीतर तयार प्लेलिस्ट. आणि काहींसाठी गाणं ऐकणं हेच काम असतं. हे लोक स्ट्रीमिंग आलं म्हणून विकत घेणं सोडतील असं अनेकांना वाटलं होतं, पण मी भेटलो त्यातले बहुतेक दोन्ही करतात. स्ट्रीमिंगवर चाखून बघतात आणि जे मनात बसलं ते विकत आणतात. २०१८ साली 'मार्केटिंग सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला होता, त्यातही लोक स्ट्रीमिंगवर आल्यावर त्यांचं एकूण ऐकणं वाढलं आणि वेगवेगळे कलाकार ऐकण्याचं प्रमाणही वाढलं असं दिसलं होतं. म्हणजे नवं दार उघडलं म्हणून भूक भागली असं होत नाही, भूक असलेल्याची ती वाढते.

दुसरा मुद्दा पैशाचा, आणि इथे मला जरा थांबायचंय, कारण उत्पन्नाचा रकाना सगळ्यात जास्त फसवतो. फुकट ऐकणारा माणूस म्हणजे एक प्रकार नाही, मला तरी त्यात तीन वेगळी माणसं दिसतात. पहिल्याकडे खरंच पैसे नाहीत. दुसऱ्याकडे आहेत, पण तो इतकं कमी ऐकतो की जाहिरातींचा त्याला त्रासच होत नाही, त्याचा हिशेब अगदी बरोबर आहे. तिसरा भरपूर ऐकतो, ऐपतही आहे, पण दर महिन्याला आपोआप पैसे कापले जाणं त्याला सहन होत नाही, एकदाच मोठी रक्कम द्यायला तो तयार असतो. या तिसऱ्याला चिकट समजू नका. असा एक गृहस्थ मला भेटला होता, स्ट्रीमिंगला एक पैसा देत नव्हता आणि त्याच्याकडे विकत घेतलेल्या डाउनलोडची अख्खी हार्ड डिस्क भरली होती. सर्व्हेत तो "फुकट स्ट्रीमिंग" वर टिक करून गेला असता आणि आपण त्याला पैसे न देणाऱ्यांत टाकलं असतं.

याच्या अगदी उलट स्वभावही असतो. काही लोकांना प्रत्येक वेळी पैसे मोजायचा विचारच नकोसा असतो, म्हणून ते ठरावीक मासिक रक्कम भरतात आणि विसरतात, जरी तेवढं ऐकत नसले तरी. फोनच्या, इंटरनेटच्या बिलांवर झालेल्या अभ्यासांमधून हे बऱ्याच आधी दिसलंय, की वापराप्रमाणे पैसे देणं स्वस्त पडत असतानाही कितीतरी लोक सरसकट दर निवडतात. पैसे देण्याचं एक दुखणं असतं आणि सबस्क्रिप्शनमध्ये ते महिन्यातून एकदाच दुखतं. गाणं लावताना मीटर पडत नाही, म्हणून अनोळखी गाणंसुद्धा मोकळेपणाने लावलं जातं. जे लोक "पैसे वाया जातील" या भीतीने नवीन काही विकत घेत नव्हते ते सबस्क्रिप्शन घेतल्यावर किती वेगळं ऐकायला लागतात हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि मला हा बदल फार मोलाचा वाटतो.

पैशाच्याच पोटात आणखी एक गुण आहे, कृतज्ञता म्हणा किंवा न्यायाची जाणीव म्हणा. काही लोक ज्या गाण्यासाठी पैसे द्यायची गरजच नाही त्यासाठीही देतात. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये रेडिओहेड या बँडने आपला नवा अल्बम "हवे तेवढे पैसे द्या" म्हणून साइटवर ठेवला, शून्यही चालत होतं. पुष्कळांनी शून्य टाकलं, पण पुष्कळांनी पैसे दिलेसुद्धा. मार्च २०२० मध्ये बँडकॅम्पने (कलाकार जिथे आपलं संगीत थेट विकतात ती साइट) ठरावीक शुक्रवारी आपला वाटा सोडून द्यायला सुरुवात केली, तेव्हा जे संगीत एरवी फुकट ऐकता येत होतं ते लोक मुद्दाम त्या दिवसापर्यंत थांबून विकत घेत होते, कारण पैसे कलाकाराकडे जातील हे माहीत होतं. या लोकांना वेगळं मोजायला हवं. त्यांना गाणं मिळवायचं नसतं, ते तर मिळालेलंच असतं, त्यांना कलाकारापर्यंत काहीतरी पोहोचवायचं असतं.

मग येतो मालकीचा प्रश्न. काहींना आपलं गाणं आपल्या ताब्यात हवं असतं आणि काहींना त्याचं काहीच वाटत नाही. आपल्या वस्तू या आपल्या "मी"चाच भाग होतात हे ग्राहक-वर्तनाचे अभ्यासक रसेल बेल्क यांनी १९८८ मध्ये मांडलं होतं, आणि कानमन, नेच आणि थेलर यांचा १९९० चा मगांचा प्रयोग तर तुमच्या अभ्यासक्रमात असेलच, ज्यात हातात मग आलेली माणसं तो विकायला, विकत घेणारे देतील त्याच्या साधारण दुप्पट किंमत मागत होती. गाण्यांच्या बाबतीत मला यात दोन वेगळ्या वृत्ती दिसतात आणि त्या एकत्र केल्या की गडबड होते.

एक वृत्ती भीतीची आहे, आणि ती भीती निराधार नाही. २००८ मध्ये याहूने आपलं म्युझिक स्टोअर बंद करताना विकलेल्या गाण्यांची (कॉपी रोखणारी) डिजिटल कुलपं उघडणारे सर्व्हरही बंद करायचं ठरवलं, म्हणजे विकत घेतलेलं गाणं नव्या कॉम्प्युटरवर नेलं तर वाजणार नाही अशी वेळ आली. २०१९ मध्ये कळलं की मायस्पेस या सोशल साइटवर २०१५ पर्यंत चढवलेलं जवळजवळ सगळं संगीत सर्व्हर हलवताना गेलं. गायक नील यंग यांनी जानेवारी २०२२ मध्ये आपली गाणी स्पॉटिफायवरून काढायला लावली आणि ती परत आली २०२४ मध्ये. ज्याला एकदा असा अनुभव आलाय, एखादं आवडतं गाणं प्लेलिस्टमध्ये एका सकाळी राखाडी, म्हणजे न वाजणारं, झालेलं दिसलंय, तो माणूस पुढे फाइल जवळ ठेवायला लागतो. मी लोकांना हे आवर्जून विचारतो, तुमचं एखादं गाणं असं कधी गेलंय का, आणि त्या उत्तराचा उपयोग मला वयापेक्षा कितीतरी जास्त झालाय.

दुसरी वृत्ती प्रेमाची आणि ओळखीची. अमेरिकेत २०२२ साली नगांच्या हिशेबात विनाइल रेकॉर्ड सीडीपेक्षा जास्त विकल्या गेल्या, १९८७ नंतर पहिल्यांदाच, आणि त्या घेणाऱ्यांमध्ये तरुण पुष्कळ आहेत. तिथल्याच ल्युमिनेट या कंपनीच्या पाहणीत विनाइल घेणाऱ्यांपैकी साधारण निम्म्यांकडेच रेकॉर्ड प्लेअर होता. म्हणजे ऐकायला ते स्ट्रीमिंगच वापरतात, रेकॉर्ड भिंतीवर किंवा कपाटात असते, ती "हे माझं आहे, मी यांचा आहे" असं सांगण्यासाठी. एका मुलीने मला तिची रेकॉर्ड दाखवली होती, प्लॅस्टिकचं वेष्टनसुद्धा काढलेलं नव्हतं, आणि ती तिच्याबद्दल इतक्या मायेने बोलत होती की "मग वाजवत का नाही?" हा माझ्या यादीतला प्रश्न मी विचारलाच नाही, त्याचं उत्तर मला मिळालं होतं. तुमच्या फॉर्ममध्ये सीडी किंवा रेकॉर्ड हा "ऐकण्याचा" प्रकार म्हणून आहे, इथे तो ऐकण्याचा नाहीच आहे.

पुढचा गुण म्हणजे निवड स्वतः करायची की दुसऱ्यावर सोपवायची. अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी फार पूर्वी सांगितलंय की बहुतेकदा माणूस सर्वोत्तम शोधत नाही, पुरेसं चांगलं मिळालं की थांबतो. संगीतात मात्र असेही लोक आहेत ज्यांना नेमकं तेच रेकॉर्डिंग, त्याच मैफलीतलं, तेच हवं असतं, आणि दहा कोटी गाण्यांच्या कॅटलॉगमध्ये ते नसलं तर बाकी दहा कोटींचा त्यांना उपयोग नसतो. हे लोक तयार प्लेलिस्ट सहसा लावत नाहीत, स्वतःच्या याद्या बनवतात, आवाजाच्या दर्जाबद्दलही तेच जास्त विचारतात. दुसऱ्या टोकाचे लोक प्ले दाबतात आणि पुढचं अल्गोरिदमवर, म्हणजे आपोआप गाणी निवडणाऱ्या प्रोग्रॅमवर, सोडतात. स्पॉटिफायच्या संशोधकांनीच २०२० मध्ये छापलेल्या एका पेपरमध्ये दिसलं की अल्गोरिदमच्या शिफारशींवर चालणाऱ्या ऐकण्यात विविधता कमी असते, आणि ज्यांचं ऐकणं काळानुसार जास्त वैविध्याचं होत जातं ते स्वतः शोधून ऐकण्याकडे वळलेले असतात. शिवाय विविध ऐकणारे लोक सर्व्हिसवर टिकण्याची आणि फुकटवरून पैसे भरणाऱ्यांत येण्याची शक्यता जास्त दिसली. मला हे वाचून बरं वाटलं होतं, कारण मुलाखतींमध्ये मला हेच जाणवत होतं पण दाखवायला आकडे नव्हते.

फक्त एक सावधगिरी, की हा गुण दिवसभर सारखा नसतो. तोच माणूस सकाळी व्यायाम करताना काहीही चालवून घेतो आणि रात्री एका गाण्याच्या सहा आवृत्त्या शोधत बसतो. म्हणून "तुम्ही स्वतः निवडता की प्लेलिस्ट लावता?" असं सरसकट विचारलंत तर उत्तर निरर्थक येतं, वेळ आणि प्रसंग जोडूनच विचारावं लागतं.

आतापर्यंतचं थोडक्यात: समोर कुठली दारं उघडी आहेत हे आधी, मग संगीताला किती महत्त्व, मग पैसे देण्याची रीत (ऐपत वेगळी), मग मालकीची ओढ आणि ती भीतीतून की प्रेमातून, मग निवड आपल्या हातात ठेवायची हौस. क्रम माझा आहे, दुसऱ्या कुणाचा वेगळा असू शकेल.

मग वयाला अर्थच नाही का? आहे, पण ते दुसऱ्या गोष्टींचा वेष घेऊन येतं. हॉलब्रुक आणि शिंडलर यांनी १९८९ मध्ये दाखवलं होतं की लोकांना सगळ्यात जास्त आवडणारी गाणी साधारण त्यांच्या तेविसाव्या-चोविसाव्या वर्षाच्या आसपासची असतात. आता त्या वयात ज्याच्याकडे कॅसेट होत्या त्याचं लाडकं संगीत कॅसेटवर आहे आणि त्यातलं काही स्ट्रीमिंगवर कधी आलंच नाही. तो कॅसेट जपतो ते तंत्रज्ञानाला घाबरून नाही, त्याचं संगीत तिथे आहे म्हणून. एका आजोबांनी मला मोठ्या हौसेने फोनवरची स्वतः केलेली प्लेलिस्ट दाखवली आणि नंतर कपाट उघडून "आणि हे तुमच्या त्या फोनमध्ये नाही" म्हणून कॅसेटचा खोका काढला. तंत्रज्ञान कोण लवकर स्वीकारतं आणि कोण उशिरा, याची एव्हरेट रॉजर्स यांची १९६२ ची वर्गवारी तुम्ही बहुतेक वापरणार असाल, ती जरूर वापरा, पण उशिरा येणाऱ्याला मागासलेला समजू नका, त्याच्याकडे हलवायला जास्त सामान असतं. हेच आता सबस्क्रिप्शनवाल्यांचंही होतंय, दहा वर्षांच्या प्लेलिस्ट एका सर्व्हिसवर आहेत म्हणून दुसरी चांगली वाटली तरी लोक हलत नाहीत.

तुम्ही शेवटी विचारलंय की व्यक्तिमत्त्वाची चाचणी घालू का, ती स्वभावाचे पाच गुण मोजणारी ("बिग फाइव्ह"). माझं मत, नका घालू, निदान या प्रोजेक्टमध्ये तरी. रेंटफ्रो आणि गॉसलिंग यांच्या २००३ च्या कामापासून व्यक्तिमत्त्व आणि आवडणारं संगीत यांचा संबंध बराच तपासला गेलाय, नव्या अनुभवांची ओढ असलेल्यांना गुंतागुंतीचं संगीत जास्त भावतं वगैरे. पण काय आवडतं यावरून ते कसं मिळवलं जातं इथपर्यंत यायला मधे फार पायऱ्या आहेत, सोय, सवय, पैसे देण्याची रीत, आणि तुमच्या फॉर्मची लांबी वाढून लोक शेवटी काहीही टिक करायला लागतील तो तोटा वेगळाच.

त्यापेक्षा असं करा. ज्यांनी सर्व्हे भरलाय त्यातल्या वीस-पंचवीस जणांना पुन्हा गाठा आणि त्यांना फोन हातात घेऊन शेवटची दहा गाणी सांगायला लावा. प्रत्येक गाण्याला चार प्रश्न: कुठे ऐकलं, ते कुणी निवडलं, तेव्हा काय करत होतात, आणि हे उद्या तिथून गायब झालं तर काय कराल. शेवटचा प्रश्न सोडू नका, "दुसरं ऐकेन" आणि "कुठूनही शोधून आणेन" यात मालकीची ओढ आणि महत्त्व दोन्ही दिसतात. त्याशिवाय प्रत्येकाला संगीतासाठी शेवटचे पैसे कधी आणि कशाला दिले एवढं विचारा. आठवणीवर सोडू नका, फोनच उघडायला सांगा, "मी फक्त सबस्क्रिप्शनवरच ऐकतो" म्हणणाऱ्यांच्या फोनमध्ये भलतंच निघालेलं मी कितीतरी वेळा पाहिलंय, आणि ते खोटं बोलत नसतात, त्यांना खरंच तसं वाटत असतं.

मग तक्ता करताना एक ओळ म्हणजे एक माणूस असं ठेवू नका, एक ओळ म्हणजे एक गाणं असं ठेवा. वीस माणसांच्या दोनशे ओळी होतील. एकाच माणसाच्या दहा ओळी एकमेकांशी बांधलेल्या असतात, त्यामुळे त्यांना दोनशे वेगळी उत्तरं म्हणून मोजू नका, विश्लेषणात प्रत्येक माणसाचा गट धरा, तुमच्या मार्गदर्शकांना हे विचारलंत तर ते सांगतील कसं ते. जुना वय-उत्पन्नाचा डेटा त्याच माणसांना जोडून घ्या, तो फेकू नका. आणि तक्ता तयार झाला की आधी वयाच्या रकान्याकडे न बघता "गायब झालं तर" या रकान्याने ओळी लावून बघा. त्यात काय दिसलं ते इथे टाकलंत तर मी नक्की बघेन, मला मनापासून उत्सुकता आहे.